फुकटचा मशवरा आणि फीचा मशवरा

आपल्या व्यापारी बांधवांची एक सवय आहे. दाढ दुखली तर आपण डॉक्टरला पैसे देतो, जागेचा वाद झाला तर वकिलाला देतो, जीएसटी आणि आयकराची विवरणे भरायला सी.ए.ला देतो. पण ज्या धंद्यावर घरची चूल पेटते तो धंदा कसा चालवावा, हा मशवरा मात्र आपण चहाच्या हॉटेलात फुकट घेतो. देणारा कोण, तर आपल्यासारखाच एक कापडवाला, ज्याची स्वतःची उधारी वर्षभर अडकून पडलेली असते. आम्हीही तीस वर्षे हेच केले.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी आमचे थोरले चिरंजीव म्हणाले, "अब्बा, एखाद्या मॅनेजमेंट कन्सल्टंटला बोलावू या," तेव्हा आम्हाला हसू आले. हा शब्द आम्ही मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांतच वाचला होता. टाय लावलेले लोक येतात, इंग्रजीत जाडजूड अहवाल देतात, पाचशे माणसे कमी करा असे सांगतात आणि विमानाने निघून जातात. आमच्या मालेगावच्या पेढीवर माणसे किती, तर मुन्शीजी धरून सहा. धंदाही सरळ. सूत घ्यायचे, बीम भरून मागवाल्यांना मजुरीवर द्यायचे, कोरे कापड गोळा करायचे आणि पाली-बालोतऱ्याच्या व्यापाऱ्यांना पाठवायचे. यात बाहेरचा माणूस काय सांगणार?

पहिल्यांदा जो माणूस आला त्याने आमचे हे मत आणखी पक्के केले. अर्धा दिवस बसला, चहा-नाश्ता घेतला आणि म्हणाला, साधे माग सोडा, स्वतःचे चोवीस रेपियर लावा, कर्ज मी मिळवून देतो. फी घेणार नाही म्हणाला. आम्हाला तो सज्जन वाटला. पुढे कळले की ज्या दुकानातून यंत्रे घ्यायला सांगत होता, तिथून त्याला प्रत्येक मागावर कमिशन होते. म्हणजे फी होतीच, फक्त ती आमच्या खिशातून दुसऱ्याच्या हाताने जाणार होती. अल्लाहने वाचवले.

दुसरे गृहस्थ निराळे निघाले. पूर्वी एका गिरणीत विव्हिंग मास्टर होते. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षे एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोकरी केली, मग स्वतंत्र झाले. कुणाचे एजंट नाहीत, कुणाची वस्तू विकत नाहीत. दिवसाचा मेहनताना आधी सांगितला, तोही एका साध्या कागदावर लिहून. किती दिवस बसणार, काय पाहणार, काय पाहणार नाही, हेही लिहिले. करासंबंधी विचारले तर म्हणाले, "ते तुमच्या सी.ए.ला विचारा, तो माझा इल्म नाही." हे वाक्य आम्हाला आवडले. बाजारात आजवर आम्हाला असा माणूस भेटला नव्हता, ज्याला एखादी गोष्ट येत नाही असे तो कबूल करतो.

आम्ही त्यांना तोंडावर विचारले, "साहेब, माग आम्ही चालवतो, बाजार आम्हाला ठाऊक. तुम्ही बाहेरचे. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त काय दिसणार?" त्यावर त्यांनी अहमदाबादची एक हकिगत सांगितली. ती इथे देतो, कारण ती आपल्याच कामाची आहे.

साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलने स्वातंत्र्यानंतरच्या काळात नवे ऑटोमॅटिक माग बसवले. यंत्र उत्तम, पैसा भरपूर, तरी कापड अपेक्षेइतके निघेना आणि डागी मालही जास्त. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस नावाचे इंग्रज गृहस्थ सल्लागार म्हणून आले. ते विणकर नव्हते. त्यांनी खात्यात उभे राहून फक्त पाहिले. २२४ माग होते आणि प्रत्येक कामगाराला एकच काम वाटून दिलेले होते. विणणारा वेगळा, बॅटरी भरणारा वेगळा, तुटलेला ताणा जोडणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. माग बंद पडला की तो नेमका कुणाचा, हे कुणीच सांगू शकत नसे. कामे वाटलेली होती, पण माग कुणालाच वाटून दिलेले नव्हते. राइस यांनी सुचवले की काही मागांचा एक गट करा आणि तो एका लहान टोळीच्या हवाली करा, सगळी कामे त्या टोळीने आपसात वाटून घ्यावीत. टोळ्या मालकाने पाडल्या नाहीत. कामगारांनी आणि जॉबर लोकांनी त्या स्वतःच ठरवल्या. सुरुवातीची धांदल संपल्यावर उत्पादन वाढले आणि डागी माल कमी झाला. एकही नवा माग आणला नव्हता.

याचा दुसरा भागही त्यांनी लपवला नाही, म्हणून आमचा विश्वास बसला. १९७० साली एरिक मिलर यांनी तीच खाती पुन्हा पाहिली, तेव्हा एका खात्यात ती पद्धत टिकून होती आणि दुसरीकडे दबाव वाढताच लोक जुन्या चालीवर गेले होते. सल्ला एकदा दिला की काम झाले, असे नसते. पुढे ती गिरणीही राहिली नाही, हे आपण जाणतोच.

तर हे साहेब चार दिवस आमच्या गादीशेजारी बसले. आम्हाला वाटले खातेवह्या मागतील. त्यांनी पहिल्या दिवशी एकही वही उघडली नाही. एका छोट्या डायरीत नुसत्या रेघा मारत होते. संध्याकाळी म्हणाले, "सेठ, आज तुम्हाला लोकांनी त्रेसष्ट वेळा काहीतरी विचारले. त्यातले तुमच्याशिवाय ज्यांचे उत्तर कुणी देऊ शकले नसते असे प्रश्न मी नऊ मोजले." आम्ही गप्प. हमालाला दोनशे रुपये द्यायचे का, अमुक मागवाल्याला बीम आज द्यायचा की उद्या, टेम्पो कुणाचा बोलवायचा, सगळे आमच्याकडे. बावीस वर्षे काम केलेले मुन्शीजी आणि बत्तीस वर्षांचा मुलगा दोघेही आमच्या तोंडाकडे पाहत उभे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उधारी विचारली. एकूण आकडा आम्ही वही न पाहता सांगितला. ते म्हणाले, आकडा नको, उमर सांगा. म्हणजे कोणते बिल एक महिन्याचे, कोणते तीन महिन्यांचे, कोणते सहा महिन्यांच्या वरचे. हे आम्हाला सांगता आले नाही. मुन्शीजींनी रात्र जागून यादी केली. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम सहा महिन्यांच्या पलीकडची निघाली आणि त्यातली निम्मी एकाच पार्टीकडे. ती पार्टी म्हणजे मरहूम अब्बांच्या काळापासूनचा घरोबा. आम्ही म्हणालो, ते दर चांगला देतात, मीटरमागे पंचाहत्तर पैसे सुटतात. साहेबांनी कागद घेतला. पैसे अडकल्यामुळे आम्ही सूत उधार घेतो आणि उधारीचा दर रोखीपेक्षा किलोला चार रुपये चढा असतो. आमच्या कापडाला एका किलोत साधारण दहा मीटर निघतात. म्हणजे मीटरला चाळीस पैसे तिथे गेले. वर्षाने पैसे देताना ती पार्टी शेकडा एक वटाव कापते. पंचवीस रुपयांच्या मीटरवर पंचवीस पैसे. राहिले दहा पैसे. त्यात टेलिफोन, तगाद्याला जाणे-येणे आणि आमची झोप.

ही बेरीज-वजाबाकी चौथीच्या मुलाला येते. आमच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांनी ती छडीने शिकवली होती. तरी आम्ही ती कधी मांडली नाही, कारण मांडली असती तर अब्बांच्या दोस्ताबद्दल एक कडवी गोष्ट कबूल करावी लागली असती. घरातला माणूस ही मांडू शकत नाही. मुलाने मांडली असती तर आम्ही त्याला बेअदब म्हटले असते. बाहेरच्याला फी द्यायची ती याचसाठी, असे आता वाटते.

जाताना त्यांनी दोन पानांचा कागद दिला. साध्या मराठीत, कारण आम्ही आधीच तसे सांगितले होते. त्यात बाजाराबद्दल फार थोडे होते. मुख्य मुद्दा आमच्यावरच होता. अब्बांच्या काळी दर सेठच्या डोक्यात असे. पालीचा भाव तार किंवा ट्रंक कॉलने येई आणि तो एकट्या सेठला कळे, म्हणून सगळ्यांनी सेठला विचारणे रास्त होते. आज तोच भाव वीस वर्षांच्या दलालाच्या मोबाइलवर आमच्या आधी येतो. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० चे लॉकडाऊन, या प्रत्येक वेळी निर्णय दिवसांत नव्हे तर तासांत घ्यावे लागले आणि आम्ही एकटे सगळीकडे पुरलो नाही. त्यांनी लिहिले होते: चेकवर दुसरी सही मुलाची असावी, अमुक रकमेपर्यंतची सूतखरेदी त्याने न विचारता करावी, आणि कोणत्याही पार्टीला ठरलेल्या मर्यादेपलीकडे माल जाऊ नये, मग ती कुणाच्याही काळातली असो.

आम्हाला राग आला. फी दिली, कागद तिजोरीत ठेवला आणि आठ महिने काहीही केले नाही.

मग आमच्या छातीत दुखले. नाशिकला नेले, नळी घातली, पंधरवडा पेढीवर जाता आले नाही. त्या काळात सुताचा भाव किलोला नऊ रुपयांनी उतरला. चिरंजीवांना ते दिसत होते, पण उचलण्याचा अधिकार नव्हता आणि चेकवर सही एकट्या आमची. मजुरीच्या दिवशी मागवाले दारात आले तेव्हा त्यांनी शेजारच्या पेढीकडून हातउसने घेतले. आम्हाला कुणी सांगितले नाही. घरी आल्यावर शेजाऱ्यानेच तब्येत विचारता विचारता सांगितले, आणि वर म्हणाला, मुलगा खूप शरमिंदा होता. त्याच सुमारास त्याच्या साडूने दुबईच्या नोकरीचे बोलणे चालवले होते, हेही नंतर कळले. कागद तिजोरीतून त्या आठवड्यात निघाला.

बांधवांनी सल्लागार घेताना काय पाहावे, याविषयी आमचा अनुभव थोडक्यात सांगतो. त्याला पैसे फक्त तुमच्याकडून मिळतात का, हा पहिला सवाल. फुकट सल्ला देणारा बहुधा काहीतरी विकत असतो. दुसरे म्हणजे अमानत. तुमचा दर, तुमची पार्टी, तुमची उधारी त्याला कळणार आहे. मोठे नाव म्हणजे खात्री असे समजू नये. जगातली सर्वांत नामांकित सल्लागार कंपनी मॅकिन्झी, तिच्या अनिल कुमार या वरिष्ठ भागीदाराने ग्राहकांची गुपिते पैसे घेऊन फोडल्याचे अमेरिकेच्या न्यायालयात २०१० साली कबूल केले. त्याच कंपनीचे माजी प्रमुख रजत गुप्ता हे गोल्डमन सॅक्स बँकेच्या संचालक मंडळातली माहिती फोडल्याबद्दल २०१२ साली दोषी ठरले. आमच्या साहेबांनी दुसऱ्या पेढ्यांच्या गोष्टी सांगायला नकार दिला होता. आम्ही मुद्दाम विचारून पाहिले होते! आणि तिसरे, तो तुमच्या मुन्शीजींशी, मागवाल्यांशी बोलतो की फक्त तुमच्याशी? ज्यांना एकट्याने खर्च झेपत नाही त्यांनी तीन-चार दुकानदारांनी मिळून दिवस वाटून घ्यावेत. फक्त प्रत्येकाचा हिसाब वेगळा आणि गुप्त राहावा.

आता उधारीचे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे असतात. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३ बी (एच) हे कलम घातले आणि मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाकारली, तेव्हा २०२४ च्या मार्चअखेर कापड बाजारात मोठी खळबळ उडाली. पण नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. २ जुलै २०२१ च्या आदेशाने व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. तुमची नोंदणी उत्पादक म्हणून आहे की व्यापारी म्हणून, हे आजच सी.ए.ला विचारून घ्यावे. आमची कशी होती ते आम्हाला स्वतःला माहीत नव्हते.

चिरंजीवांच्या हाती खरेदी दिल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी चढ्या भावात चाळीस गठाणी उचलल्या आणि आठवड्यात भाव पडला. आम्ही दात ओठ खाऊन गप्प राहिलो. आमच्या हातूनही असे दहा वेळा झाले आहे, फक्त तेव्हा विचारणारे कुणी नव्हते. मुन्शीजी आता हमालाचे पैसे विचारत नाहीत, पहिले काही दिवस ते विचारल्याशिवाय त्यांनाच करमत नसे. अब्बांच्या त्या जुन्या पार्टीला आम्ही स्वतः जाऊन सांगितले की जुने बाकी उतरेपर्यंत नवा माल रोखीने. त्यांनी जेवू घातले, पण तेव्हापासून माल घेतलेला नाही. यंदा ईदचा फोनही आला नाही. निम्मी रक्कम आली आहे, निम्मीचा तगादा मुन्शीजी दर महिन्याला पत्राने करतात. साहेब येत्या हिवाळ्यात दोन दिवसांसाठी पुन्हा येणार आहेत. त्या दोन दिवसांची फी चिरंजीवांनी आपल्या सहीच्या चेकने आगाऊ पाठवली आहे.