तुरुंगातला बाप-लेकीचा नाच

आज एका नाचाविषयी बोलूया.

अमेरिकेत शाळांमध्ये, चर्चमध्ये ‘फादर-डॉटर डान्स’ नावाचा कार्यक्रम होतो. मुली छान नटतात, वडील सूट-टाय घालतात आणि दोघं मिळून जेवतात, नाचतात. आपल्याकडे नेमकी अशी प्रथा नाही. तरी तिचा अर्थ आपल्याला कळतो. ‘ही माझी लेक’ असं वडिलांनी चारचौघांत मिरवायचं.

मग जिचे वडील तुरुंगात आहेत, त्या मुलीनं काय करायचं?

व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात अँजेला पॅटन ‘कॅम्प दीवा’ हा मुलींसाठीचा उपक्रम चालवत होत्या. तिथं हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा उत्तर मुलींनीच काढलं. वडील बाहेर येऊ शकत नसतील, तर आपण नाच आत नेऊ! त्यांनी शेरीफला पत्र लिहिलं आणि परवानगी मिळाली. पॅटन यांनी 2012 मध्ये ‘टेडएक्सविमेन’च्या मंचावर ही हकीगत सांगितली.

कैद्यांची नाटकं आपण ऐकून असतो. तिथं कैदी रंगमंचावर असतो आणि आपण खुर्चीत. या नाचात बापलेकींपैकी कुणीच नुसतं बघायला आलेलं नसतं. कैद्यालाही दुसऱ्या कुणाची भूमिका करायची नसते. त्याच्या हातून अर्धवट सुटलेली बापाची भूमिकाच त्याला पुन्हा करायची असते.

त्यासाठी तयारी लागते. वॉशिंग्टन डीसीच्या तुरुंगातल्या अशाच नाचावर पॅटन आणि नॅटली रे यांनी केलेला ‘डॉटर्स’ हा माहितीपट 2024 मध्ये आला. त्यात वडिलांना आधी 10 आठवडे पालकत्वाच्या वर्गाला बसावं लागतं. ते गोल करून बसतात आणि मनातलं बोलतात. नाचाच्या दिवशी तुरुंगाचे कपडे उतरतात, सूट चढतो.

अमेरिकेतल्या अनेक तुरुंगांत भेट काचेआडून किंवा व्हिडिओ कॉलवरच होते. त्यामुळे काही मुलींना वडिलांचा स्पर्श कित्येक वर्षांनी मिळतो. काही तासांनी निरोप घ्यावा लागतो, तो मात्र फार जड जातो. एका संध्याकाळीनं सगळं सुरळीत होत नाही, हेही माहितीपट लपवत नाही.

महाराष्ट्रातल्या कारागृहांतही ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. त्यात कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेता येतं. दोन्हीकडे मुद्दा एकच आहे. शिक्षा बापाला झालेली असते, लेकराला नाही. मग बापाच्या कुशीत शिरण्यासाठी त्या लेकरानं एखाद्या कार्यक्रमाची वाट का पाहावी?