मागच्या बाजूचा दिवा

मंडीदीपमधल्या ज्या ज्या कारखान्यांत मी गेलो, तिथे सर्व्हरची खोली मुळात दुसऱ्याच कशासाठी तरी बांधलेली होती. कुठे जिन्याखालची अडगळ, कुठे जुनं स्टोअर, एका ठिकाणी टाइम ऑफिसचा उरलेला कोपरा. त्यात एक काळी लोखंडी रॅक, दीड टनाचा एसी, जमिनीवर यूपीएस आणि शेजारी त्याच्या बॅटऱ्या. जागा अपुरी, म्हणून रॅक भिंतीला टेकवलेली. या टेकवण्यापायी किती रात्री वाया जातात, ते पुढे सांगतो.

गाव भोपाळच्या दक्षिणेला, रायसेन जिल्ह्यात, इटारसीच्या रेल्वेमार्गावर. नावातला ‘दीप’ म्हणजे द्वीप. अकराव्या शतकात राजा भोजाने भोजपूरपाशी बांध घालून जो अफाट तलाव केला, त्यातलं हे बेट, असं जुनी माणसं सांगतात. पुढे माळव्याच्या होशंगशाहने तो बांध फोडला. गोंडांच्या कथेत फोडायला 3 महिने लागले, तलाव रिता व्हायला 3 वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला 30 वर्षं. आज इथे एचईजीचा ग्राफाइट इलेक्ट्रोडचा कारखाना आहे, जगातल्या मोठ्यांपैकी एक. पोलाद वितळवणाऱ्या आर्क भट्टीत विजेची ठिणगी पडते ती या इलेक्ट्रोडांच्या टोकाशी. क्रॉम्प्टन ग्रीव्हजचे, म्हणजे आताच्या सीजी पॉवरचे, मोठे ट्रान्सफॉर्मर इथेच बनतात. सूतगिरण्या आहेत, औषधं आहेत, तांदूळ आहे. वीज इथलं खाद्यही आहे आणि बऱ्याच ठिकाणी तयार होणारा मालही विजेसाठीच आहे. अशा गावात विजेला एका पातळीवर शांत बसवणं कठीण. मोठी मोटर थेट लाइनवर सुरू होते, तेव्हा नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. त्या क्षणी आसपासचा व्होल्टेज झुकतो, ट्यूबलाइट डोळा मिचकावते आणि जिन्याखालच्या खोलीतला सर्व्हर तो झटका सोसतो.

माझे बाबा भोपाळच्या भेलमध्ये होते. 1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वसाहतीत विदर्भातून, खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं रुजली, त्यातलंच आमचं एक. बाबा ट्रान्सफॉर्मरवाले. घरातला पंखा बंद पडला तरी ते आधी स्टूल घेत नसत. भिंतीपाशी जाऊन बटण, मग रेग्युलेटर, मग पंखा. वीज ज्या वाटेने येते त्याच वाटेने आपणही चालायचं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. सर्व्हर उघडायला शिकलो ते पुष्कळ नंतर.

आता यंत्राविषयी. रॅकची 19 इंचांची रुंदी टेलिफोन एक्स्चेंजांच्या काळापासून चालत आलेली आहे. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. पूर्ण रॅक 42 यूची, सहा फुटांहून किंचित उंच. एक किंवा दोन यूचा सर्व्हर म्हणजे मोठ्या ट्रेएवढा चपटा डबा. पुढे हार्ड डिस्क, त्यामागे पंख्यांची रांग, मग प्रोसेसर आणि रॅम, आणि अगदी मागे, एका कोपऱ्यात, दोन पॉवर सप्लाय. चालू यंत्रातून त्यातला एक ओढून काढता येतो. दुसरा ओझं घेतो आणि काम थांबत नाही.

या पॉवर सप्लायच्या डब्यात जे घडतं, ते मला आजही विलक्षण वाटतं. भिंतीतून 230 व्होल्टची उलटसुलट धावणारी वीज आत येते. तिला एकदिश करून जवळजवळ 400 व्होल्टपर्यंत चढवतात आणि एका जाडजूड कपॅसिटरमध्ये साठवतात. मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे करून, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून, 12 व्होल्ट करतात. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या अंगाशी ती आणखी खाली येते, व्होल्टभराच्या आसपास. 200 वॉटचा प्रोसेसर एक व्होल्टवर चालवायचा तर 200 अँपिअर लागतात. न्हाणीघरातला 2 किलोवॉटचा गीझर 9 अँपिअरही घेत नाही. इतका प्रवाह नखाएवढ्या सिलिकॉनला मिळतो, तोही क्षणाक्षणाला कमीजास्त होत, आणि सहसा काही बिघडत नाही.

त्या जाड कपॅसिटरचं एक काम दम धरण्याचं. बाहेरची वीज गेली तरी साठ्यावर तो साधारण 10 ते 20 मिलिसेकंद बारा व्होल्ट सांभाळतो. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे एका आवर्तनाची उणीव, फार तर, भरून निघते. ओझं निम्मं असेल तर तोच साठा जवळपास दुप्पट वेळ पुरतो. दोन सप्लाय मिळून चालत असतात तेव्हा दोघांचा दम लांब असतो, तो यामुळे. हा कपॅसिटर वीज काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. म्हणून पॉवर सप्लायचा डबा उघडू नये, पूर्णच बदलावा. खुल्या बाजारात तो उघडून दुरुस्त करून देणारी मंडळी आहेत, त्यांच्या हाताला मी नावं ठेवत नाही, पण सर्व्हरसाठी मी तो घेत नाही.

आणि हा कपॅसिटर म्हातारा होतो. आतला द्रव हळूहळू सुकतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि रविवारी ऑफिस बंद म्हणून खोलीचा एसी कुणीतरी बंद करून जातं.

अशाच एका मे महिन्यातला अनुभव सांगतो. एका कारखान्यातला ईआरपीचा, म्हणजे गेट पासपर्यंतचा सगळा हिशेब ठेवणारा, सर्व्हर कधीही बंद पडे आणि पाच मिनिटांनी आपोआप उठे. माझ्याआधी येऊन गेलेल्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगून बोर्डाचा भाव दिला होता. रात्री गेट पास निघत नव्हते, भरलेले ट्रक आवारात उभे होते, आणि डिस्पॅचचा माणूस माझ्याकडे डॉक्टरकडे पाहावं तसा पाहत होता. स्क्रू ड्रायव्हर मी पिशवीतच ठेवला.

सर्व्हरच्या आत एक स्वतंत्र चिमुकला संगणक असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. मुख्य यंत्र बंद असलं तरी प्लग लावलेला आहे तोवर हा जागा असतो आणि पंखे, तापमान, व्होल्टेज, रॅमच्या चुका, सगळं रोजनिशीसारखं लिहीत बसतो. ती रोजनिशी न वाचता बोर्ड बदलणं म्हणजे रोग्याला न विचारता पोट फाडणं. मी वाचली. गेल्या तीन बंद पडण्यांच्या वेळा होत्या पहाटे 4:42, सकाळी 9:13, रात्री 8:55, आणि प्रत्येक वेळी एकच तक्रार: सप्लाय 2ची येणारी वीज तुटली.

इलेक्ट्रिक रूममधले चाचा निवृत्तीला आलेले. त्यांना विचारलं, या वेळांना लाइन गेली होती का? त्यांनी मान हलवली. रजिस्टर काढलं, त्यात डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, चालवल्याच्या नोंदी होत्या सकाळी 10:10, दुपारी 2:45, रात्री 2:25. एकही जुळेना. मी चहा प्यायलो, पुन्हा आकडे पाहिले आणि तेव्हा उमगलं. सर्व्हरचा तो चिमुकला संगणक ग्रीनिचच्या घड्याळावर चालत होता. साडेपाच तास मिळवले: 10:12, 2:43, 2:25. तिन्ही बसले. चाचा म्हणाले, “साब, रजिस्टर तो मैं रोज़ लिखता हूँ, पूछता कोई नईं.” ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्या माणसाच्या हाताने लिहिलेल्या तीन ओळींनी एका बोर्डाचे पैसे वाचवले.

तरीही अर्धंच कोडं सुटलं होतं. यूपीएस होता, मग लाइन जाताच सर्व्हर का पडावा? यूपीएस पाहिला तर लाइन-इंटरॅक्टिव्ह जातीचा. तो वीज गेल्यावर रिले टाकून बॅटरीवर येतो आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. ऑनलाइन यूपीएस सतत बॅटरीच्या बाजूनेच वीज देतो, त्याला हा खंड नाही, पण तो महाग. बरं, हा खंडही चांगला सप्लाय सहज पचवतो. मग रोजनिशी मी मागे मागे वाचत गेलो आणि आदल्या सप्टेंबरात एकच ओळ सापडली: सप्लाय 1 निकामी.

आठ महिने. आठ महिने तो सर्व्हर एका पायावर उभा होता. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन रॅक आणि भिंत यांच्या फटीत गाल टेकवला तेव्हा दिसलं. डावीकडे हिरवा दिवा, उजवीकडे पिवळा. पॉवर सप्लायचा दिवा मागच्या बाजूला असतो आणि मागे भिंत होती. पुढच्या पट्टीवर इशारा पेटला होता, पण रॅकच्या दाराची काच धुळीने आंधळी झालेली. जोडी दिली ती काम थांबू नये म्हणून, आणि काम थांबलं नाही म्हणूनच पहिला गेल्याचं कुणाला कळलं नाही. मला हा या यंत्राचा सर्वांत मोठा दोष वाटतो, आणि तो यंत्रात नाही, त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेत आहे. उरलेला सप्लाय आठ महिने पूर्ण ओझं घेऊन तापत राहिला, त्याचा कपॅसिटर थकला, दम तोकडा झाला आणि रिलेच्या तेवढ्याशा खंडात तो कोसळू लागला.

रविवारी बॅकअप घेऊन पडताळणी केली. नुसता जुना सप्लाय ठेवला आणि यूपीएसला वीज देणारा एमसीबी पाडला, सर्व्हर पडला. तोच सप्लाय दुसऱ्या खाचेत घातला, पुन्हा पडला. दोष सप्लायबरोबर चालत गेला, खाचेत राहिला नाही, म्हणजे बोर्ड निर्दोष. मग त्याच वॉटचे दोन नवे सप्लाय लावले. वॉट सारखेच हवेत, वेगळे घातले तर बरेच सर्व्हर नकार देतात. एकाची केबल यूपीएसवर, दुसऱ्याची वेगळ्या फेजच्या वेगळ्या यूपीएसवर. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होत्या. एमसीबी पाडला. पंख्यांचा आवाजही बदलला नाही.

प्रत्येक दुखणं असं रोजनिशी लिहून ठेवत नाही. काही सर्व्हर उठतच नाहीत. तेव्हा मी दोन्ही केबल काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरतो, बोर्डवर उरलेली वीज निघून जाते आणि बरेचदा एवढ्यानेच काम होतं. नाहीच झालं तर सगळं उतरवायचं: एक प्रोसेसर, एक रॅम, एक सप्लाय. एवढ्यावर उठला की एकेक वस्तू परत लावायची, एका वेळी एकच. दोन वस्तू एकदम बदलणारा माणूस यंत्र सुरू करू शकतो, पण काय बिघडलं होतं ते त्याला कधीच कळत नाही. रॅम बदलल्यावर काळी स्क्रीन काही मिनिटं तशीच राहते. यंत्र रॅमशी ओळख करून घेत असतं. घाबरून केबल ओढू नये. आणि रॅमची सोनेरी कड खोडरबराने घासण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती सोडावी. सोन्याचा तो मुलामा अत्यंत पातळ असतो. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

अर्थिंगबद्दल एवढंच, की न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावावा. दोनेक व्होल्टच्या वर आकडा गेला की मी खोलीबाहेर पडून अर्थचा खड्डा शोधतो. उन्हाळ्यात तो खड्डा बहुधा कोरडा ठणठणीत असतो आणि दोन बादल्या पाण्याने आकडा उतरतो.

त्या कारखान्यात मी पुन्हा गेलो ते पावसाळ्यानंतर. रॅक तिथेच होती, भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली. मागच्या भिंतीवर दाढीचा एक छोटा आरसा खिळ्याला टांगलेला, असा तिरका की दारातूनच दोन हिरवे ठिपके दिसावेत. चाचांनी लावलेला. त्यांच्या रजिस्टरमध्ये डीजीच्या रकान्याशेजारी आता एक नवा रकाना पट्टीने आखलेला होता, आणि त्यात रोजच्या तारखेसमोर 2चा आकडा.