कार्तिएची जुनी अंगठी

पॅरिसच्या कार्तिए पेढीची शंभर वर्षांपूर्वीची अंगठी लिलावात येते, तेव्हा तिचे वजन किती हे सहसा कुणी विचारत नाही. जुना दागिना सराफाकडे मोडायला नेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे चमत्कारिक वाटेल. तिथे आधी त्या दिवसाचा सोन्याचा भाव पाहिला जातो, मग घट वजा होते, आणि घडणावळ तर जमेसच धरत नाहीत. कार्तिएच्या अंगठीचा हिशेब नेमका उलटा आहे. धातू असतो काही ग्रॅम. खडा कधी अमोल असतो, कधी अगदी साधा. किंमत येते ती घडणीला आणि नावाला. त्यामुळे अशी अंगठी घेणाऱ्याचे खरे काम एकच असते: नाव आणि घडण या दोन्ही गोष्टी मूळच्याच आहेत का, याची खातरजमा करणे.

ही पेढी १८४७ साली लुई-फ्रांस्वा कार्तिए याने पॅरिसमध्ये सुरू केली. तो ज्या उस्तादाच्या हाताखाली काम करत होता, त्याचाच कारखाना त्याने चालवायला घेतला. खरा बहर आला तो नातवांच्या काळात. १८९९ मध्ये पेढी र्यू द ला पे या श्रीमंत रस्त्यावर गेली. पुढे थोरला लुई पॅरिसला राहिला, पिएरने न्यूयॉर्क सांभाळले आणि जाकने लंडन. संग्राहकाच्या दृष्टीने ही वाटणी फार महत्त्वाची आहे. तिन्ही दुकानांची गिऱ्हाइके वेगळी, कारागीर वेगळे, नोंदवह्याही वेगळ्या. अंगठीच्या आतल्या बाजूला ‘कार्तिए पॅरिस’ कोरलेले आहे, ‘कार्तिए लंडन’ आहे की नुसतेच ‘कार्तिए’, यावरून शोध कुठे घ्यायचा ते ठरते. न्यूयॉर्कची शाखा १९६२ साली कुटुंबाच्या हातून गेली, लंडनची सगळ्यात शेवटी, १९७४ मध्ये. नंतर तिन्ही शाखा पुन्हा एका मालकीखाली आल्या. तरीही कुटुंबाच्या काळातला माल आणि नंतरचा माल हा भेद बाजार अजून पाळतो.

‘अँटिक’ हा शब्द दुकानदार सैल हाताने वापरतात. काटेकोर अर्थाने शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तूच अँटिक, त्याआतली फार तर ‘व्हिंटेज’. या हिशेबाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अंगठ्या केव्हाच अँटिक झाल्या आहेत आणि १९२० च्या दशकातल्या आता एकेक करून होत आहेत. एकमेकींत गुंतलेल्या तीन रंगांच्या तीन वळ्यांची ‘ट्रिनिटी’ अंगठी १९२४ ची. कवी झाँ कॉक्तो ती करंगळीत घालत असे, तीही एकावर एक अशा दोन. हा नमुना आजतागायत बनतो आहे. म्हणून ‘ट्रिनिटी आहे’ एवढे सांगून वय कळत नाही. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ट्रिनिटी गेल्या चार-पाच दशकांतल्या असतात आणि त्यांना अँटिकचा भाव देणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे.

वय ओळखायला शैली मदत करते. पहिल्या महायुद्धाआधीच्या अंगठ्यांत प्लॅटिनमचे राज्य होते. हिरे त्याआधी बहुधा चांदीत बसवत. चांदी काळी पडते आणि मऊ असल्याने जाड लागते. प्लॅटिनम काळे पडत नाही आणि बारीक तार काढली तरी खडा घट्ट धरते. कार्तिएने त्याचा उपयोग करून फुलमाळा, फिती, लेसची जाळी यांसारखी नाजूक कामे केली. खड्याभोवतीच्या कडेवर मोहरीहूनही लहान दाण्यांची ओळ उठवलेली असते. भिंगातून पाहिले की ते दाणे एकसारखे नसतात, कारण ते हाताने उठवलेले असतात. वापरून वापरून ते झिजतात. जुनी म्हणवणाऱ्या अंगठीवर सगळे दाणे टोकदार आणि सारखे दिसले, तर आनंदाआधी शंका यावी.

१९२० च्या दशकात वक्ररेषा मागे पडल्या आणि भूमिती आली. चौकोन, पायऱ्या, काळ्या ऑनिक्सशेजारी पांढरा हिरा, जेड, पोवळे. इथेच हिंदुस्थानचा धागा जुळतो. जाक कार्तिए १९११ साली दिल्ली दरबाराच्या निमित्ताने इकडे आला. संस्थानिकांना नवे दागिने विकावेत आणि इथले मोती व रत्ने घ्यावीत, असा दुहेरी बेत होता. महाराजांना पॅरिसचे प्लॅटिनम हवे होते आणि पॅरिसला महाराजांकडचे कोरीव खडे. इथे पाने, फुले, फळे यांच्या आकारात कोरलेले माणिक, पाचू आणि नीलम तिकडे हिऱ्यांच्या सोबतीला एकत्र बसवले गेले. या रंगीबेरंगी घडणीला पुढे ‘तुती फ्रुती’ म्हणू लागले. त्यातले कंठे आणि कंकणे जगप्रसिद्ध आहेत. तशा अंगठ्या लहान असल्या तरी त्यांना मागणी मोठी असते, आणि म्हणूनच नकलाही अमाप. कोरीव खडे आजही जयपुरात मिळतात. नक्कल करणाऱ्याला फक्त कोंदण आणि सही बनवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत प्लॅटिनम लष्करी कामासाठी राखून ठेवले गेले आणि दागिने पुन्हा सोन्याकडे वळले. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अंगठ्या म्हणूनच भरदार, घुमटासारख्या फुगीर आणि पिवळ्याधमक असतात. याच काळात झान तुसां या बाईंच्या देखरेखीखाली कार्तिएचा बिबट्या दागिन्यांवर अवतरला. पुढे अंगठीवरचा बिबट्या हा पेढीचा नित्याचा माल झाला. या अंगठ्या अजून अँटिक नाहीत, पण भावाच्या बाबतीत त्या कित्येक अँटिक अंगठ्यांना मागे टाकतात.

शैली मात्र नक्कल करता येते. म्हणून पुढचा पुरावा अंगठीच्या अंगावरच शोधायचा. फ्रान्समध्ये अठरा कॅरट सोन्यावर गरुडाच्या मुंडक्याचा शिक्का १८३८ पासून आहे, प्लॅटिनमवर कुत्र्याच्या मुंडक्याचा १९१२ पासून. घडवणाऱ्या कारखान्याचा शिक्का वेगळा. तो शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत असतो, आत मालकाची आद्याक्षरे आणि एखादे चिन्ह. कार्तिएचे कितीतरी काम पॅरिसमधल्या स्वतंत्र कारखान्यांत होई. त्यामुळे त्या चौकटीत कार्तिएचे नाव नसले तरी घाबरायचे कारण नाही, उलट ओळखीच्या कारखान्याचे चिन्ह सापडले तर तो भक्कम पुरावा. याशिवाय सही आणि बहुतेकदा बारीक आकड्यांतला क्रमांक. सही कोरलेली असावी. कोरणीने काढलेल्या रेषेचा तळ धारदार दिसतो. नकली अंगठी साच्यात ओतलेली असेल तर सहीसुद्धा ओतीव असते, तिच्या कडा गोलसर आणि तळ खडबडीत दिसतो.

समजा, विकणारा सांगतो की अंगठी १९१० ची आहे, प्लॅटिनमची, मध्ये एक हिरा. भिंगाखाली प्लॅटिनमवर कुत्र्याचे मुंडके दिसले, की १९१० हा दावा तिथेच मोडतो. मग हिरा पाहायचा. त्या काळचा पैलूकाम केलेला हिरा उंच माथ्याचा असतो, वरचा सपाट भाग लहान आणि खालचे टोक किंचित छाटलेले, त्यामुळे वरून पाहताना मधोमध बारीक वर्तुळ दिसते. आजच्या ब्रिलियंट पैलूचे गणित मार्सेल तोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये मांडले. अंगठी खरोखर जुनी आणि हिरा आधुनिक पैलूचा असेल, तर हिरा बदललेला आहे. अंगठी खोटी नाही, पण पूर्वीची ती राहिलेली नाही, आणि भाव त्याप्रमाणे उतरायला हवा.

रंगीत खड्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ऑग्युस्त व्हर्नेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्वालेत माणिक बनवण्याची कृती १९०२ मध्ये जाहीर केली आणि काही वर्षांत कृत्रिम माणिक व नीलम बाजारभर पसरले. त्या काळी ते नवलाईचे होते. मोजून कापलेल्या बारीक खड्यांच्या ओळींत ते चांगल्या दागिन्यांतही सापडतात. म्हणजे शंभर वर्षांच्या अस्सल अंगठीत कृत्रिम खडा असू शकतो आणि तो मूळचाही असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या वाढीच्या रेषा वक्र दिसतात, नैसर्गिक खड्यात त्या सरळ असतात. मोठ्या खड्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा ताजा दाखला लागतोच. खडा काश्मीरचा, ब्रह्मदेशाचा की आणखी कुठला, त्याला उष्णता दिली आहे की नाही, यावर किंमत कित्येक पटींनी बदलते.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो मात्र प्रेमाने केलेला बदल. आजीची अंगठी नातीला सैल होते, सोनार वळे कापतो, झाळून देतो, वर छान चकाकी देतो. यात सही अर्धी कापली जाते, क्रमांकातला एखादा आकडा उडतो, शिक्का पुसट होतो. चकाकी देताना कडांची धार जाते. वळे पार झिजले असेल तर नवे घालतात, आणि त्यासोबत सहीच जाते. कधी कानातल्या क्लिपचे खडे अंगठीवर चढवले जातात आणि ‘कार्तिए’ हे नाव तेवढ्या एका तुकड्याचे उरते. माप बदलणे हा काही गुन्हा नाही, कितीतरी अस्सल अंगठ्यांचे ते झालेले आहे. पण विकणाऱ्याने ते सांगायला हवे आणि भावात ते दिसायला हवे.

पेढीनेच बदल केला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याने १९३६ मध्ये, जिच्याशी त्याला लग्न करायचे होते त्या वॉलिस सिम्पसनला कार्तिएची १९.७७ कॅरटच्या पाचूची अंगठी दिली. आत कोरले होते, ‘आता आम्ही आमचे’, आणि तारीख २७ ऑक्टोबर १९३६. तिच्या घटस्फोटाचा प्राथमिक हुकूम त्याच दिवशी निघाला होता, आणि पुढच्या दीड महिन्यात राजाने गादी सोडली. १९५८ मध्ये कार्तिएनेच त्या पाचूला नवे, अधिक भारदस्त कोंदण करून दिले. १९८७ साली जिनिव्हात सदबीजने तिच्या दागिन्यांचा लिलाव केला, तेव्हा एकूण विक्री सुमारे पाच कोटी डॉलरवर गेली. ही रक्कम अंदाजाच्या कितीतरी पट होती. बदललेल्या कोंदणाने त्या पाचूचे काही बिघडले नाही, कारण कुणी, कधी, कुणासाठी बदलले याची साखळी अखंड होती.

सर्वसामान्य अंगठीला अशी साखळी क्वचितच असते. जुनी पावती, विम्याचे मूल्यांकन, एखाद्या छायाचित्रात बोटात दिसणारी तीच अंगठी, असे जे मिळेल ते मोलाचे. कार्तिएने आपल्या नोंदवह्या, रेखाटने आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत, म्हणून क्रमांक शाबूत असणे फायद्याचे. लाल चामड्याची, सोनेरी नक्षीची डबी मात्र पुरावा नव्हे. रिकाम्या डब्या स्वतंत्रपणे विकल्या जातात आणि खऱ्या डबीत खोटी अंगठी ठेवायला वेळ लागत नाही.

खरेदी लिलावात करायची तर सूचीपत्राची भाषा शिकून घ्यावी. मोठ्या लिलावगृहांत प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ असतो. मथळ्यातच कार्तिएचे नाव असेल तर अंगठी त्या पेढीची आहे असे लिलावगृहाचे मत आहे. ‘सही कार्तिए’ म्हटले असेल तर मत सहीपुरते आहे. ‘कोंदण कार्तिएचे’ याचा अर्थ खडा गिऱ्हाइकाचा, पेढीने तो फक्त बसवला. अस्सलपणाची हमीही बहुधा मथळ्यातल्या मजकुरापुरतीच आणि ठरावीक मुदतीची असते. वस्तूच्या स्थितीचा अहवाल मागितला की मिळतो, तो न वाचता बोली लावू नये. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क चढते, साधारण पाव हिस्सा, आणि वर कर. दहा लाखांची बोली जिंकणाऱ्याच्या खिशातून साडेबारा लाखांहून अधिक जातात. मुरलेल्या विक्रेत्याकडे भाव जास्त पडतो, पण अंगठी हातात घेऊन पाहता येते, परत करण्याची अट लिहून घेता येते. नवख्याने सुरुवात इथून करावी हेच बरे. लिलावच हवा असेल तर मुंबईत सॅफ्रनआर्ट आणि अस्तागुरू ही लिलावगृहेही दागिन्यांचे लिलाव करतात.

परदेशातून अंगठी भारतात आणताना सीमाशुल्क भरावे लागते आणि ते आधी विचारून घेतलेले चांगले. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. जिनिव्हात घेऊन मुंबईत आणलेली १९१५ ची अंगठी पुन्हा जिनिव्हात विकायची झाली, तर वाट तिथेच अडू शकते. आज ९५ वर्षांची असलेली अंगठी पाच वर्षांनी त्याच नियमात येते. नफ्यासाठी घेणाऱ्याने कागदपत्रांसह हा प्रश्न आधीच वकिलाला विचारून ठेवावा. बोटात घालण्यासाठी घेणाऱ्याने वर्षातून एकदा खडा धरणारे पंजे जाणकाराकडून तपासून घ्यावेत, आणि चकाकी देऊ का असे त्याने विचारले तर नको म्हणावे.