साखरेशी संसार : भाग 9 – स्टेरॉइडची दुपार

गेल्या आठवड्यात बेसल (दिवसरात्र संथ चालू राहणारं इन्सुलिन) आणि बोलस (जेवणासाठी किंवा दुरुस्तीसाठी एकदम दिलेलं इन्सुलिन) यांतला फरक पाहिला. आज तोच फरक आजारपणात कसा उपयोगी पडतो, ते पाहू.

दोन हिवाळ्यांपूर्वी माझा दमा उसळला. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिलं: रोज 40 मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, पाच दिवस. पहिल्या दुपारी दोन पोळ्या, दुधीची भाजी, वाटीभर वरण जेवले. बोलसही नेहमीचाच दिला. चार वाजता सेन्सर 318 दाखवत होता. बोट टोचून पाहिलं, आकडा खराच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र 116!

स्टेरॉइडमुळे यकृत रक्तात जास्त साखर सोडतं आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा हा परिणाम चार-आठ तासांनी चढतो आणि रात्री ओसरतो. म्हणून नुसती उपाशीपोटीची शुगर बघणारा माणूस हमखास गाफील राहतो. डेक्सामेथासोनचा अंमल दीड दिवसाहून जास्त टिकतो, त्यामुळे त्यात सकाळचीही शुगर चढते. 2021 च्या कोविड लाटेत हे नाव आपल्या घराघरांत पोचलं. चढलेली शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले की काय होतं, हे म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला फार क्रूरपणे दाखवलं.

लांब पल्ल्याचं इन्सुलिन दुपारसाठी वाढवलं, तर तेच रात्री शुगर खाली ओढतं. मी वापरते त्या इन्सुलिन पंपात मात्र दर तासाचा वेगळा दर ठरवता येतो. माझा दिवसाचा दर ताशी 0.8 युनिट होता. डॉक्टरांशी बोलून सकाळी दहा ते रात्री नऊपर्यंत तो 1.2 केला, रात्रीचा तसाच ठेवला. पण स्टेरॉइडचा खरा मार जेवणावर असतो, तेव्हा नुसतं बेसल वाढवून भागत नाही. दुपारी 10 ग्रॅम कर्बोदकांना 1 युनिट घेत होते, ते 7 ग्रॅमना 1 केलं. हे सगळं वेगळ्या प्रोफाइलमध्ये साठवलं, मूळच्या ‘प्रोफाइल 1’ला हात लावला नाही. हे आकडे माझे आहेत. तुमचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते. आकडा 300 च्या वर गेला की ‘स्टेरॉइडमुळे असेल’ म्हणून आपण गप्प बसतो. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. पंपाची कॅन्युला (त्वचेखालची बारीक नळी) दुमडली, तर काही तासांतच कीटोन वाढू लागतात, आणि टाइप 1 मध्ये ते जिवावर बेतू शकतं. दुरुस्तीचा बोलस देऊनही दोन तासांत आकडा हलला नाही, तर कीटोन तपासा, पेनने इन्सुलिन टोचून घ्या आणि कॅन्युला बदला. स्टेरॉइडला दोष नंतर देऊ.

उलटी चूक मी स्वतः केली. सहाव्या दिवशी गोळी बंद होती, पण पंपावर प्रोफाइल स्टेरॉइडचंच चालू राहिलं होतं. दुपारी तीनला हात थरथरायला लागले, आकडा 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ओट्याशी उभ्यानेच प्यायले. दीर्घ उपचारात डोस टप्प्याटप्प्याने उतरतो. तिथे प्रत्येक पायरीला इन्सुलिनही उतरवावं लागतं.

आता गोळ्यांची पट्टी आणली, की शेवटच्या गोळीमागे आधी पेनाने लिहिते : ‘प्रोफाइल 1’.