दोन राउटर, एक पत्ता

कार्यालयातल्या संगणकात ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून साधारणपणे एकच पत्ता भरलेला असतो आणि बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट त्याच्याच हवाली होते. त्या पत्त्याचा राउटर बंद पडला, तर शेजारचा दुसरा राउटर धडधाकट असूनही उपयोगाचा नाही. संगणकाला तो ठाऊकच नसतो. म्हणून दोन राउटर मिळून तिसराच, आभासी पत्ता सांभाळतात. सिस्कोच्या एचएसआरपी पद्धतीचे वर्णन मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२८१ म्हणून प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात आरएफसी २३३८ ने व्हीआरआरपी ही सर्वसामान्य पद्धत आणली.

व्हीआरआरपीत प्रत्येक राउटरला १ ते २५४ यांतला प्राधान्यक्रमांक देता येतो; न दिल्यास तो १०० धरतात. मोठा क्रमांक तो मास्टर, दुसरा बॅकअप. मास्टर दर सेकंदाला ‘मी आहे’ असा संदेश २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर पाठवतो. बॅकअप तीन सेकंद आणि वर थोडा वेळ थांबतो. हा वरचा वेळ २५६ मधून स्वतःचा क्रमांक वजा करून आणि २५६ ने भागून निघतो, म्हणजे १०० क्रमांकाच्या बॅकअपची एकूण वाट ३.६ सेकंदांची. तेवढ्यात संदेश आला नाही की तो कारभार हाती घेतो.

या व्यवस्थेतला सर्वांत देखणा भाग म्हणजे मॅक पत्ता. आभासी आयपी पत्त्याबरोबर आभासी मॅक पत्ताही असतो: ००-००-५ई-००-०१ आणि शेवटी राउटरांच्या त्या गटाचा क्रमांक. दहाव्या गटाला शेवट ०ए. मास्टर बदलला तरी हा पत्ता बदलत नाही, त्यामुळे कोणत्या आयपीचा मॅक कोणता हे टिपणाऱ्या संगणकाच्या एआरपी तक्त्यात काहीच खोडावे लागत नाही. बदलायचे असते ते स्विचचे ज्ञान: हा मॅक आता कोणत्या पोर्टवर? त्यासाठी नवा मास्टर न विचारताच एक एआरपी संदेश सोडतो. ओपनबीएसडी या संगणक प्रणालीने व्हीआरआरपीवरच्या पेटंटच्या वादामुळे २००४ मध्ये कार्प ही स्वतंत्र पद्धत काढली, तीही मॅक पत्त्यांची हीच मालिका वापरते. त्यामुळे एकाच जाळ्यात एक जोडी कार्पची, दुसरी व्हीआरआरपीची आणि दोन्हींचा गट क्रमांक १ असेल, तर एकच मॅक दोन ठिकाणी दिसतो आणि स्विचच्या नोंदीत तो या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारू लागतो.

राउटर पूर्ण बंद पडणे हा सोपा बिघाड. जोडी त्यासाठीच बसवलेली असते. कठीण असतो तो अर्धवट बिघाड, ज्यात दोन्ही राउटर चालू असतात पण दोघांची समजूत वेगळी असते. पुण्यातल्या एका दुमजली कार्यालयात प्रत्यक्ष पाहिलेला प्रकार याचा चांगला नमुना आहे. प्रत्येक मजल्यावर एक स्विच आणि एक राउटर, दोन स्विचमध्ये एक ट्रंक. एक स्विच बदलताना ट्रंकवरच्या परवानगीच्या यादीत व्हीलॅन १० घालायचे राहून गेले. वरच्या राउटरला खालच्याचे संदेश मिळेनात. तोही मास्टर झाला. मुख्यालयातून परतीची वाट मात्र खालच्या राउटरमार्गेच ठरलेली. वरच्या मजल्याची विचारणा वरून जाई, उत्तर खाली येई, आणि खालचा राउटर त्या संगणकाला एआरपीने हाका मारत राही. खालचा मजला कामात, वरचा ठप्प. वरच्या राउटरवरून मुख्यालयाला पिंग केले की उत्तर येई, म्हणून लाइन ठीक असल्याचा निर्वाळा मिळे. पण त्या पिंगचा प्रेषक पत्ता बाहेरच्या पोर्टचा होता. तोच पिंग व्हीलॅन १० मधल्या पत्त्यावरून केल्यावर उत्तर बंद झाले आणि दोष पाच मिनिटांत सापडला.

दुसरा अर्धवट बिघाड बाहेरच्या लाइनचा. लाइन तुटते, पण मधल्या उपकरणाचा हिरवा दिवा तसाच राहतो. मास्टर पॅकेटे घेत राहतो आणि ती वाया जातात. उपाय म्हणजे दूरच्या एकापेक्षा जास्त पत्त्यांवर नजर ठेवणे आणि ते सगळे हरवले की प्राधान्य घटवणे. इथे हिशेब चुकतो: मास्टर ११०, बॅकअप १०० आणि घट ५ ची ठेवली, तर १०५ अजूनही मोठाच. घट १० पेक्षा जास्त हवी. शिवाय मोठ्या क्रमांकाने कारभार हिसकावून घेण्याची मुभा व्हीआरआरपीत मुळातच असते. एचएसआरपीत ती बॅकअपला वेगळी द्यावी लागते.

इंटरनेटच्या बाजूचा मार्ग ठरवते बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिन इथे कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी तिचा आराखडा जेवणाच्या टेबलावर नॅपकिनांवर मांडला. आजच्या चौथ्या आवृत्तीचे प्रमाण वर्णन २००६ च्या आरएफसी ४२७१ मध्ये आहे. शेजारी गप्प झाल्यावर वाट पाहण्याची तिथे सुचवलेली मुदत ९० सेकंद. म्हणजे आतली बाजू चार सेकंदांत सावरते, बाहेरची दीड मिनिट जुन्याच वाटेवर राहू शकते. जाण्याची वाट एका राउटरने आणि येण्याची दुसऱ्याने असेल, तर दुसऱ्या बाजूच्या फायरवॉलने संवादाची सुरुवात पाहिलेली नसते. ती उत्तर टाकून देते.

म्हणून शोध ठरावीक क्रमाने घ्यावा. प्रथम संगणकाच्या एआरपी तक्त्यात गेटवेचा मॅक आभासी आहे का ते पाहावे. मग दोन्ही राउटरना विचारावे, मास्टर कोण? दोघेही ‘मी’ म्हणाले, तर दोष दोघांमधल्या स्विचवर किंवा रचनेतल्या तफावतीत शोधावा. नंतर एकाच गंतव्याची वाट दोन्हींच्या तक्त्यांत तपासावी. ट्रेसराउटमध्ये तेच दोन पत्ते आळीपाळीने आले, तर राउटर एकमेकांकडे बोट दाखवत आहेत. ट्रेसराउट फक्त जाण्याची वाट दाखवतो, म्हणून तो पलीकडूनही चालवावा. शेवटी फायरवॉलच्या नोंदी.

दुरुस्तीनंतरची एक पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. पुन्हा चालू झालेला राउटर काही सेकंदांत मास्टर होतो, पण बीजीपीचा पूर्ण तक्ता नऊ लाखांहून अधिक मार्गांचा; तो भरेपर्यंत पॅकेटे कुठे धाडायची हे त्याला कळत नाही. कारभार परत घेण्यापूर्वी काही मिनिटांचा विलंब ठेवावा. मग राउटर बंद करून, बाहेरची केबल काढून आणि दोन स्विचमधली ट्रंक सोडवून तिन्ही चाचण्या घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी किती सेकंद संपर्क तुटला ते लिहून ठेवावे.