डोक्यावरचा आकडा आणि इतर अफवा

बदलापुरात ‘तुझा केवढ्याचा?’ हा प्रश्न बहुतेक वेळा फ्लॅटबद्दल असतो. पण संध्याकाळी स्टेशनबाहेर मोबाइलवर माना घालून उभ्या असलेल्या पोरांच्या घोळक्यात तो पोकेमॉनबद्दल असतो, आणि उत्तर येतं, ‘अठ्ठावीसशेचा.’ समोरचा गप्प होतो, कारण त्याचा चोवीसशेचा. पोकेमॉन गो या खेळाबद्दलच्या निम्म्याअधिक गैरसमजांचं मूळ या संवादात आहे. प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर सीपी नावाचा एक आकडा दिसतो. तो दिसतो, म्हणून आपण त्यालाच ताकद समजतो.

हा आकडा येतो कुठून ते आधी पाहू. प्रत्येक पोकेमॉनचे तीन गुण असतात: हल्ला, बचाव आणि दम, म्हणजे तो किती मार सोसू शकतो ते. सीपी काढताना हल्ल्याचा आकडा आहे तसा धरतात, पण बचाव आणि दम यांचं फक्त वर्गमूळ घेतात. शेवटी पातळीनुसार हिशेब होतो. याचा अर्थ असा की, ज्याचा हल्ला जोरदार त्याचा सीपी फुगतो आणि जो भिंतीसारखा उभा राहतो त्याचा सीपी बिचारा कमीच दिसतो. त्यात चाली कोणत्या आहेत, प्रकार कोणता आहे, यातलं काहीच धरलेलं नसतं. स्लॅकिंग हे त्याचं नामांकित उदाहरण. सीपी चार हजारांच्या पार जाऊ शकतो. पण बरीच वर्षं त्याच्याकडे जलद चाल म्हणून एकच होती, जांभई देणं. जांभईने समोरच्याला शून्य इजा होते. असा गडी जिमवर, म्हणजे खेळातल्या ताब्यासाठी लढायच्या जागी, बसवला की लांबून दरारा वाटतो, आणि जवळ गेलं की कुणीही येऊन पाडून जातं.

खेळाडूंच्या आपापसातल्या लढतींत तर हा आकडा उलटाच चालतो. तिथे ग्रेट लीगमध्ये 1500 सीपीची मर्यादा आहे, अल्ट्रा लीगमध्ये 2500ची. कुस्तीतल्या वजनगटासारखं हे आहे. वजन सगळ्यांचं सारखंच, म्हणून ते अंगात कुठे आहे यावर निकाल लागतो. सीपीत हल्ला महाग पडतो हे वर पाहिलंच, तेव्हा 1500च्या आत बसायचं तर हल्ला कमी आणि बचाव-दम जास्त असलेला प्राणी अधिक पातळी चढू शकतो, आणि बेरजेत जड निघतो. जन्मजात गुण, ज्यांना खेळाडू आयव्ही म्हणतात, प्रत्येकी 0 ते 15 असतात. तिन्ही 15 असले की ‘हंड्रेड’ म्हणून त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो. रेडसाठी, म्हणजे सहसा अनेकांनी मिळून एका बलाढ्य प्राण्याशी द्यायच्या लढतीसाठी, तो खरोखर चांगला. पण ग्रेट लीगमध्ये बहुतेक जातींचा 0-15-15 किंवा त्याच्या आसपासचा प्राणी त्या हंड्रेडपेक्षा सरस ठरतो. कित्येक पोरं नेमका तोच ‘हल्ला शून्य आहे’ म्हणून खेळातल्या प्रोफेसरला कायमचा पाठवून देतात आणि बदल्यात प्राणी वाढवायला लागणारी एक कँडी घेतात. अझुमरिल हा निळा, सशासारखा दिसणारा प्राणी कमाल पातळीलाही दोन हजार सीपीच्या खालीच राहतो, आणि ग्रेट लीगमध्ये वर्षानुवर्षं भल्याभल्यांची झोप उडवतो.

आता पकडण्याकडे येऊ. इथले समज जुने आहेत. गेम बॉयच्या काळापासून जगभरची मुलं एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आली: चेंडू टाकला की ‘बी’ बटण दाबून धरायचं, म्हणजे प्राणी निसटत नाही. आपल्याकडे गेम बॉय फार थोड्यांकडे होता, पण सायबर कॅफेतल्या संगणकावर चालणाऱ्या इम्युलेटरबरोबर ही समजूतही आली. त्या बटणाने काहीही होत नसे. चेंडू आपटला त्या क्षणीच निकाल ठरलेला असायचा, आणि डुगडुगणं ही नुसती करमणूक. आज मोबाइलवर चेंडू डुगडुगत असताना स्क्रीन बोटाने टकटकवणारे त्याच परंपरेतले.

मग शक्यता खरंच कशाने वाढते? प्राण्याभोवती जो रंगीत गोल आकसत-फुगत असतो, त्याचा रंग अडचण सांगतो. हिरवा म्हणजे सोपं, मग पिवळा, नारिंगी, आणि लाल म्हणजे कठीण. चेंडू रंगीत गोलाच्या आत पडला तरच ‘नाइस’, ‘ग्रेट’, ‘एक्सलंट’ यांचा फायदा मिळतो, आणि गोल जितका लहान तितका फायदा मोठा. खेळाडूंनी असंख्य फेकींच्या नोंदींवरून काढलेले गुणक असे: साधा चेंडू 1, ग्रेट बॉल 1.5, अल्ट्रा बॉल 2, रॅझ बेरी 1.5, आणि गिरकी देऊन वळवलेली फेक 1.7. म्हणजे गिरकी दिलेला साधा लाल चेंडू सरळ टाकलेल्या ग्रेट बॉलपेक्षा भारी. गिरकीला पैसा लागत नाही. तरी अल्ट्रा बॉल संपले म्हणून हळहळणारे दहा, तर गिरकी शिकणारा एक.

ती शिकायची कशी, ते जरा जवळून सांगतो. चेंडूवर बोट दाबून धरा. गोल आकसत हवा तेवढा लहान झाला की बोट उचला, पण फेकू नका. गोल तिथेच अडकून राहतो. आता थांबा. प्राणी उसळेल, पंख फडफडवेल किंवा डोकं झटकेल. हा त्याचा हल्ला, आणि तो चालू असताना आलेला चेंडू तो झटकून टाकतो. हल्ला संपत आला की चेंडू गरागरा फिरवायला घ्या आणि ज्या बाजूला वळवायचा त्याच्या उलट बाजूला जरा बाहेरून सोडा. चेंडू पोचतो तोवर प्राणी जागेवर आलेला असतो आणि गोल तुम्ही ठेवलात तेवढाच असतो. हे सगळं बदलापूरच्या प्लॅटफॉर्मवर जमतं. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये जमत नाही, कारण तिथे कोपर हलवायला जागा नसते.

लोकलचा विषय निघालाच आहे. अंडी उबवायला चालावं लागतं, दोन, पाच, दहा किलोमीटर वगैरे. त्यावर आपल्या पट्ट्यातला सर्वांत लाडका समज असा: अंबरनाथ ते बदलापूर रुळावरून आठेक किलोमीटर, म्हणजे बसल्या जागी पाचाचं अंडं फुटलं पाहिजे. फुटत नाही. ताशी साधारण साडेदहा किलोमीटरपेक्षा जास्त वेग असला की खेळ ते अंतर धरत नाही. गाडी सुटताना आणि थांबताना थोडेफार मीटर पदरात पडतात, तेवढीच कमाई. 2018च्या अखेरीस अॅडव्हेंचर सिंक आलं, तेव्हापासून अॅप बंद असतानाही फोनने मोजलेली पावलं जमा होतात. त्यामुळे स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा न करणाऱ्याचं अंडं आपोआप पुढे सरकतं.

या अंड्यांनी एकदा कोर्टाची पायरीही चढली होती. 2016 साली गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली: खेळात मंदिरांच्या जागी अंडी मिळतात, ती मांसाहारी वस्तू आहे, म्हणून भावना दुखावतात. न्यायालयाने खेळ काढणाऱ्या नायान्टिक या कंपनीला नोटीस काढली. वस्तुस्थिती एवढीच की अंडं मंदिरात ‘ठेवलेलं’ नसतं. पोकेस्टॉप, म्हणजे खेळाच्या नकाशावरचा वस्तू देणारा थांबा, फिरवला की इतर वस्तूंबरोबर कधीकधी तेही मिळतं, आणि कुणी ते खात नाही, त्यातून पिल्लू निघतं. पोकेस्टॉप मंदिरांपाशी का, याचं उत्तर कंपनीच्या जुन्या खेळात आहे. नायान्टिकने आधी ‘इन्ग्रेस’ काढला होता. त्यात खेळाडूंनी आपापल्या गावातली देवळं, पुतळे, भित्तिचित्रं, उद्यानं नोंदवली. पोकेमॉन गोने तीच यादी उचलली. ‘या खेळावर भारतात बंदी आली’ हा समजही त्याच काळातला असावा. बंदी कधीच नव्हती. जुलै 2016मध्ये तो मोजक्या देशांत सुरू झाला, आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी आडमार्गाने उतरवून घेतला, आणि डिसेंबर 2016मध्ये रिलायन्स जिओच्या साथीने तो अधिकृतपणे आला. तेव्हा जिओशी जोडलेली दुकानंच पोकेस्टॉप आणि जिम झाली होती. मे 2025पासून खेळ स्कोपली या कंपनीकडे आहे.

‘आमच्याकडे स्टॉपच नाहीत, हा खेळ मुंबईवाल्यांचा’ ही तक्रार अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या वसाहतींत ऐकू येते. ती निम्मी खरी आहे. पण स्टॉप कंपनीचा माणूस येऊन बसवत नाही. पुरेशी पातळी गाठलेला खेळाडू फोटो आणि दोन ओळींची माहिती देऊन जागा सुचवतो, आणि बाकीचे खेळाडू तपासतात. अंबरनाथच्या शिवमंदिरासारखी जागा, वालधुनीच्या काठची, 1060च्या शिलालेखाची, अशा यादीत शोभतेच. पण उल्हासनगरच्या गोल मैदानासारखं मैदान, सार्वजनिक बाग, वाचनालय, चौकातलं शिल्प यांनाही मनाई नाही. खाजगी घर आणि शाळा मात्र चालत नाहीत. नवी बिल्डिंग झाली, तिच्या फाटकाचा फोटो पाठवला, तो नाकारला गेला, म्हणून रुसून बसणारे बरेच आहेत.

जिम कमी असण्याचा एक फायदा मात्र सांगितलाच पाहिजे, कारण त्यातही लोक फसतात. गावाबाहेरच्या जिमवर आपला प्राणी पंधरा-पंधरा दिवस बसून राहतो, आणि वाटतं नाण्यांची रास लागली. दहा मिनिटांना एक नाणं हे खरं, पण दिवसाची कमाल 50, आणि ती प्राणी पडून घरी आल्यावरच मिळतात. 8 तास 20 मिनिटं पुरतात. त्यापुढचं बसणं फुकट. पंधरा दिवसांनी परतलेला प्राणी 50च नाणी आणतो, म्हणून आपल्या जिमवरून कुणी आपल्याला पाडलं तर त्याला शिव्या देऊ नयेत.

पावसाळ्यातला समज थोडा धोक्याचा आहे. खेळात 2017च्या अखेरीपासून हवामान आलं. पाऊस असला की पाणी, वीज आणि कीटक या प्रकारांचे प्राणी जास्त दिसतात. ते वरच्या पातळीचे असतात आणि पकडल्यावर स्टारडस्ट, म्हणजे प्राणी वाढवायला लागणारी धूळ, पाव हिश्श्याने जास्त देतात. यावरून काहींनी ‘पावसात नदीकाठी जायचं’ असा निष्कर्ष काढला. पावसाची वाढ त्या भागात सगळीकडे मिळते, घराच्या गॅलरीतही, त्यासाठी उल्हास नदीच्या काठावर जायची गरज नाही. 27 जुलै 2019ला याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं होतं. एवढं आठवलं तरी पुरे. खेळातला पाऊसही अंदाजावर चालतो, म्हणून डोक्यावर छत्री आणि मोबाइलवर ‘ढगाळ’ असं अनेकदा होतं.

आता संघ. 2003च्या सुमारास टीव्हीवर ही मालिका पाहिलेल्या पिढीच्या डोक्यात एक दृश्य पक्कं बसलंय: पिकाचू विजेच्या झटक्याने ऑनिक्सला लोळवतो. तिथे आग विझवणारे फवारे सुरू होऊन ऑनिक्स भिजलेला असतो, पण लक्षात राहतो तो झटका. ऑनिक्स दगड आणि जमीन या प्रकारांचा. मूळ खेळांत जमिनीवर विजेचा परिणाम शून्य, आणि पोकेमॉन गोमध्ये जेमतेम 0.39 पट. मालिकेवर विसंबून संघ बांधणारा इथेच हरतो. तसंच ग्याराडोसचं. चारशे कँडी साठवून मॅजिकार्पचा ग्याराडोस करणारे त्याला ड्रॅगन समजतात. तो पाणी आणि उडता आहे. दोन्ही प्रकार विजेला कच्चे, म्हणून वीज त्याला 1.6 गुणिले 1.6, म्हणजे 2.56 पट लागते. चारिझार्डही ड्रॅगन नाही. तो आग आणि उडता, आणि दगड त्याला तितकाच लागतो. ‘काका, पण दिसतो तर ड्रॅगनसारखाच ना?’ असं शेजारचा मुलगा म्हणतो. दिसण्यावर प्रकार ठरत असता तर बरंच सोपं झालं असतं.

‘संघात सहाही वेगळे हवेत’ हा नियम मूळ खेळांतून आलाय. तिथे तो बरोबर आहे, कारण समोर कोण येणार ते माहीत नसतं. रेडमध्ये मात्र समोर कोण आहे ते आधीच दिसतं. रेक्वाझा असेल तर तो ड्रॅगन आणि उडता, बर्फ त्याला 2.56 पट. मग सहाच्या सहा बर्फाचे घ्या, मॅमोस्वाइन असले तर उत्तम, वैविध्य गेलं खड्ड्यात. प्राण्याचा आणि चालीचा प्रकार जुळला की आणखी 1.2 पट मिळतात, म्हणून बर्फाच्या प्राण्याला बर्फाचीच चाल आहे ना, ते तपासा. लीगमध्ये तीनच लागतात. तिथे पहिला आणि दुसरा मिळून ज्या प्रकाराला घाबरतात, त्याला तिसऱ्याने झोडपलं पाहिजे, एवढं गणित पुरतं. तिघांचाही एकच कच्चा दुवा असेल, तर सीपी कितीही असो, एक विरोधी गडी तिघांना ओळीने उचलतो.

‘पैसे टाकले की झालं’ हे अर्धवट खरं. नाण्यांनी रेडचे पास, चेंडू, साठवणीची जागा मिळते. पण प्राणी वाढवायला लागणारं स्टारडस्ट आणि कँडी मुख्यतः पकडून, उबवून, अदलाबदल करूनच साठतात.

राहिली खोट्या लोकेशनची गोष्ट. ‘घरी बसून टोकियोत फिरा’ असं सांगणारी अॅप फुकटात मिळतात. ती वापरणं खेळाच्या नियमाविरुद्ध आहे, आणि ‘काही होत नाही’ हेही खोटं. पहिल्या खेपेला ताकीद मिळते आणि सात दिवस दुर्मीळ प्राणी दिसेनासे होतात, दुसऱ्या खेपेला तीस दिवस खातं बंद, तिसऱ्यांदा कायमचं. शिवाय टोकियोत जाऊन शोधायचं तरी काय? टॉर्कोल नावाचं कोळसा जाळणारं, धूर सोडणारं कासव आपल्या दक्षिण आशियात रानात सापडतं, आणि जपान-अमेरिकेतले खेळाडू अदलाबदलीसाठी त्याच्या मागे असतात. आपल्याकडे उल्हासनगरच्या कॅम्पात एखाद्याने ते पकडलं, तर तो बाराशेचा आकडा पाहून लगेच प्रोफेसरला देऊन टाकतो.