शर्यतीच्या मोटारीतील चालकाचे आसन : निवडीची तत्त्वे

शर्यतीच्या मोटारीचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम इंजिनाची शक्ती, टायरांची पकड आणि वायुगतिकी यांकडे जाते. चालकाच्या आसनाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, शिल्लक राहिलेल्या जागेत आणि शिल्लक राहिलेल्या पैशांत केला जातो. वस्तुतः चालकाचे शरीर आणि मोटारीचा सांगाडा यांना जोडणारा मुख्य दुवा आसन हाच होय. या दुव्याची कार्ये द्विविध आहेत. आपल्या शास्त्रकारांची परिभाषा वापरावयाची तर एक कार्य नित्य, तर दुसरे नैमित्तिक आहे. प्रत्येक वळणावर चालकाला स्थिर ठेवणे हे नित्य कार्य. आघाताच्या क्षणी त्याचे प्राण राखणे हे नैमित्तिक. ही दोन्ही कार्ये परस्परविरोधी नसून एकाच तत्त्वावर आधारलेली आहेत, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नित्य कार्य

गुरुत्वत्वरणाच्या १.२ पट पार्श्वत्वरणाने मोटार वळत आहे असे मानू. ७० किलोग्रॅम वस्तुमानाच्या चालकाला त्या वेळी वळणाच्या बाहेरच्या दिशेस सुमारे ८४ किलोग्रॅम भाराइतका रेटा जाणवतो. आसनाच्या बाजू हा रेटा पेलणाऱ्या नसतील, तर तो चालकालाच पेलावा लागतो. मग तो स्टिअरिंगला लोंबकळतो आणि गुडघा दरवाज्याला टेकवून स्वतःला सावरतो. ज्या स्नायूंनी सूक्ष्म नियंत्रण करावयाचे, तेच स्नायू तोल सांभाळण्यात खर्ची पडतात. शिवाय मोटार घसरू लागल्याची पहिली जाणीव चालकाला डोळ्यांइतकीच कटिप्रदेश व पाठ यांच्याद्वारे होते. आसन सैल असेल तर ही जाणीव उशिरा पोहोचते, आणि शर्यतीत अशा विलंबाची किंमत मोठी असते.

२. आघाताचे गणित

ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळून १ मीटर अंतरात थांबली, तर सरासरी मंदन सेकंद-वर्गाला २०० मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २० पट होते. हेच अंतर अर्धा मीटर असेल तर ते ४० पटीच्या वर जाते. असे मंदन मानवी शरीर मुळीच सहन करू शकत नाही, असे मात्र नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन विमानतळावर जॉन पॉल स्टॅप यांनी अग्निबाणाने ढकललेल्या गाडीवर स्वतःला जखडून घेतले आणि ४६.२ पट इतके कमाल मंदन अनुभवले. ते जिवंत राहिले, याचे एक प्रमुख कारण त्यांचे शरीर पट्ट्यांनी आसनाशी घट्ट बांधलेले होते. यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : मंदनाच्या परिमाणाइतकीच शरीराच्या निरनिराळ्या भागांची परस्परसापेक्ष गती घातक असते.

या सापेक्ष गतीचे सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे मानेवरील ताण. मस्तक आणि हेल्मेट मिळून ६.५ किलोग्रॅम धरले, तर ४० पट मंदनात मस्तकाला थांबविण्यासाठी सुमारे २६० किलोग्रॅम भाराइतके बल लागते. धड पट्ट्यांनी अडविलेले आणि मस्तक मोकळे, अशा स्थितीत हे बल मानेवाटेच यावे लागते. परिणामी कवटीच्या तळाचा अस्थिभंग होतो. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथील शर्यतीच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांचा अंत अशाच दुखापतीने झाला. मस्तकाला खांद्यावरील जोखडाशी बांधणारे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते असे नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी ‘हान्स’ हे साधन १९८० नंतरच्या दशकातच विकसित केले होते. तथापि अमेरिकेतील ‘नॅस्कार’ संस्थेने मस्तक व मान यांचे नियंत्रक २००१ च्या ऑक्टोबरात सक्तीचे केले. फॉर्म्युला वनमध्ये ही सक्ती २००३ मध्ये आली.

हे साधन मुख्यतः समोरच्या आघातासाठी आहे. तिरप्या किंवा बाजूच्या आघातात खांदे आणि मस्तक बाजूला फेकले जाऊ नयेत, ही जबाबदारी आसनाचीच राहते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या ८८५५-१९९९ या मानकानंतर आलेल्या ८८६२-२००९ या अधिक कडक मानकात मस्तक, खांदे व श्रोणी या तिन्ही ठिकाणच्या पार्श्व-आधारावर भर आहे.

३. आसन आणि पट्टे

आसन व पट्टे यांची निवड वेगवेगळी करणे ही मूलभूत चूक होय. कटिपट्टा श्रोणीच्या अस्थींवर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. आसनाच्या बाजूंतील छिद्रे चुकीच्या जागी असली तर पट्टा वर सरकतो, शरीर त्याखालून पुढे घसरते आणि आघाताचा भार उदरातील मृदू इंद्रियांवर येतो. मांड्यांखालचा भाग पुढे किंचित उंच असणे आणि दोन्ही पायांमधून येणारा पट्टा असणे, हे त्यावरील उपाय होत. स्कंधपट्ट्यांची छिद्रे खांद्यांच्या फार खाली असली तर ताणलेला पट्टा मेरुदंडाला खाली दाबतो. म्हणून स्कंधपट्टा मागे जाताना क्षितिजसमांतर रेषेशी ४५ अंशांपेक्षा अधिक उतार करू नये असा महासंघाचा नियम असून, सुमारे १० अंश उतार इष्ट मानला आहे.

४. मऊपणाचा भ्रम

सुखावहता म्हणजे मऊपणा, ही समजूत घरगुती खुर्चीपुरती ठीक आहे. शर्यतीच्या मोटारीत ती धोकादायक ठरते. जाड, मऊ फोमवर बसलेल्या चालकाची स्थिती आघाताच्या वेळी काय होते ते पाहू. मोटार मंद होऊ लागते, पण फोम विशेष प्रतिकार न करता दबत असल्यामुळे शरीराचा वेग जवळजवळ तसाच राहतो. फोम पूर्ण दबल्यावर शरीर कठीण कवचावर आदळते. थांबण्यासाठी मिळालेले अंतर वाया गेल्यामुळे कमाल मंदन वाढते. मोटारीबरोबरच शरीरही मंद होऊ लागावे, यासाठी अस्तर पातळ, घट्ट आणि दबताना ऊर्जा शोषणारे असावे लागते.

मग कित्येक तास बसावयाचे कसे? उत्तर आकारात आहे. वेदना कठीणपणामुळे होत नाही, तर थोड्या क्षेत्रावर एकवटलेल्या दाबामुळे होते. आसन शरीराच्या वळणांशी तंतोतंत जुळले, तर तोच भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. या हेतूने चालकाला प्रत्यक्ष बसवून त्याच्याभोवती द्रवरूप पॉलियुरेथेन फोम ओतून साचा घेतात, किंवा मण्यांनी भरलेल्या पिशवीतील हवा काढून ती त्याच्या आकाराची घट्ट करतात. अशा रीतीने जे आसन सुखद ठरते तेच सुरक्षितही ठरते. कारण दोहोंचे मूळ शरीर व आसन यांतील अंतर नाहीसे करण्यात आहे.

५. निवडीची कसोटी

मापे शर्यतीचा पोशाख व हेल्मेट घालूनच घ्यावीत. श्रोणी दोन्ही बाजूंनी निश्चित धरली जावी, परंतु श्वास घेताना फासळ्यांना अडथळा होऊ नये. खांदे पाठीला टेकलेले असताना हात लांब केल्यास मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. मस्तकाच्या बाजूंचे आधार दृष्टीच्या आड येऊ नयेत, आणि त्यांतून चालकाला त्वरेने बाहेर पडता यावे.

आसन कितीही उत्तम असले तरी ते पातळ पत्र्याला जोडले तर निरर्थक होते. किमान चार ठिकाणी, निदान ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांनी ते सांगाड्याला दृढ बसविले पाहिजे. आयुर्मर्यादाही पाळावी : ८८५५ मानकाच्या आसनाची मूळ मुदत ५ वर्षे, तर ८८६२ मानकाच्या आसनाची १० वर्षे आहे. अॅल्युमिनियमचे आसन वाकले तर ते दिसते. काचतंतू किंवा कार्बन तंतूंच्या कवचातील थर मात्र आतल्या आत सुटलेले असू शकतात. म्हणून अपघातातून आलेले असे आसन, ते कितीही स्वस्त मिळाले तरी, घेऊ नये.

६. विद्यार्थी-मोटारींचा प्रश्न

हा विषय आपल्याला दूरचा नाही. मुंबईच्या आय.आय.टी.सह महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे विद्यार्थी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ धर्तीच्या स्पर्धांसाठी स्वतः मोटारी बांधतात. या स्पर्धांच्या नियमांत ९५ व्या शततमकातील पुरुषाची आकृती चालककक्षात बसली पाहिजे आणि चालकाने ५ सेकंदांत बाहेर पडले पाहिजे, अशा अटी असतात. मोठ्या शरीराचा मनुष्य मावेल, एवढी हमी त्यातून मिळते. लहान शरीराची व्यक्ती नीट धरली जाईल, ही मिळत नाही. एकच मोटार अनेक विद्यार्थी व विद्यार्थिनी चालवितात. तेव्हा कवच सर्वांत मोठ्या चालकाच्या मापाचे करून इतरांसाठी स्वतंत्र, घट्ट बसणारी अस्तरे तयार करणे, आणि प्रत्येकासाठी पट्ट्यांचे कोन नव्याने तपासणे, हाच योग्य मार्ग होय. परदेशी आसनांची मापे आपल्या शरीरयष्टीला जुळतीलच असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ येथे उपयोगी पडावा.

सारांश, आसन हे मोटारीला जोडावयाचे उपकरण नव्हे. चालकाला मोटारीशी जोडणारे ते उपकरण आहे. ही दृष्टी स्वीकारली की आसनाचा विचार आराखड्याच्या शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर येईल, आणि त्याची खरी जागा तीच आहे.